देवाच्या कुत्र्याला काळी वडी

त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते, आणि मनातल्या मनात जिला ‘माझी’ म्हणता येईल अशी घरात एकच गोष्ट होती, ती म्हणजे आमचा कुत्रा. बाकी सारे वाटून घेण्याचे दिवस होते. विहिरीच्या तळाशी झिरपणारे पाणी चार घरांत वाटून घ्यायचे, दुपारची सावली गुरांबरोबर वाटून घ्यायची. बहात्तरचा दुष्काळ मागे पडून दहा-बारा वर्षे झाली होती. मोठी माणसे त्याच्या गोष्टी सांगू लागली होती, तेवढ्यात हा दुसरा येऊन उभा राहिला. बेंबळीच्या अलीकडे, माळाला टेकून वसलेले आमचे गाव. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, गावच्या दूध सोसायटीचे सचिव होते. सोसायटी म्हणजे आमच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या दोन खोल्या. पलीकडच्या माळावर सहकारी संस्थांनी मिळून गुरांची छावणी उघडली होती. त्यामुळे माझा तो सारा उन्हाळा तीन वासांत गेला: उकळत्या पाण्याने धुतलेल्या दुधाच्या कॅनचा, वाळल्या कडब्याचा, आणि शेकडो जनावरांच्या तापलेल्या अंगांचा.

कुत्रा काळा होता. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, उन्हात निळसर झाक मारणारा काळा. आमचे कुलदैवत सोनारीचा काळभैरव, आणि कुत्रा हे भैरवाचे वाहन. एका वर्षी दादा सोनारीहून परतत असताना हे पिलू त्यांच्या मागे एसटीच्या थांब्यापर्यंत चालत आले, आणि दादांनी त्याला उपरण्यात गुंडाळून घरी आणले. देवाच्या कुत्र्याला आपण नाव ठेवू नये, असे आई म्हणाली. म्हणून आम्ही त्याला नुसते ‘देवाचा’ म्हणत असू, आणि हाक मारायची तर ‘देवाच्या’.

त्याच्यापायी घरात एक रीत पडली होती. घरात जे काही नवे येईल, गोडधोड शिजेल, त्याचा पहिला घास देवाच्यापुढे ठेवायचा. त्याने खाल्ले की मग माणसांनी तोंडाला लावायचे. हुरडा असो, पेढा असो, आंब्याची पहिली फोड असो. पाहुण्यांसाठी गोळीची सोड्याची बाटली फोडली तेव्हासुद्धा बशीत दोन थेंब ओतले गेले होते, आणि ते चाटून देवाचा शिंकत शिंकत अंगणभर फिरला होता. त्याच्या मुखी गेलेले कधी बाधत नाही, उलट मागे उरलेले सारे प्रसाद होते, अशी आईची पक्की समजूत होती. तो घास ठेवण्याचे काम माझे. चार वर्षे तो माझ्याच हातून पहिला घास खात आला होता, आणि खाऊन झाल्यावर माझ्या पावलांवर हनुवटी टेकून झोपत आला होता. त्या हनुवटीचे वजन मला नेमके ठाऊक होते.

चैत्रात आत्याची मुलगी आमच्याकडे राहायला आली. आत्याला उमरग्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत अंथरुणावरून हलू नका म्हणून सांगितले होते, आणि आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणत असू, ते ट्रक चालवीत. आज सोलापूर, उद्या हैदराबाद. मुलीला सांभाळणार कोण? म्हणून ती आजोळी आली. माझ्याहून वर्षाने लहान. तिच्या वेण्यांना रिबिनी होत्या, मानेला पावडरीचा मंद वास होता, आणि कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावाची सवय म्हणून ती मला ‘अक्का’ म्हणे. त्या ‘अक्का’त इतकी लाघवी ऐट असे की, आई माझ्यावर रागावलेली असतानाही ते ऐकून हसे.

तीन दिवस. देवाच्याला माझ्याकडून तिच्याकडे जायला तीन दिवस पुरले.

पहिल्या दिवशी तो तिच्यावर भुंकला, आणि मी मनातून सुखावले. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या कानामागे, जिथे माझी बोटे कधी पोचली नव्हती अशा एका जागी खाजवले; त्याने डोळे मिटून घेतले आणि मागचा पाय हवेतच हलवू लागला. तिसऱ्या दुपारी मी जेवून हात धुऊन आले तर तो तिच्या पावलांवर हनुवटी टेकून झोपला होता. तिची पावले गोरी होती, टाचांना भेगा नव्हत्या. मी माझ्या पावलांकडे पाहिले आणि ती परकराखाली ओढून घेतली.

मत्सर ही मला तोवर माहीत नसलेली चव होती. तो पोटात नव्हे, घशात राहतो. पाणी प्याले तरी खाली उतरत नाही. सकाळी दूध घालायला येणाऱ्या बायकांनी तो माझ्या चेहऱ्यावर वाचला असावा, कारण शेजारची काकू रिकामी घागर काखेत मारून म्हणाली, “का गं, तुझा देवाचा सासरी गेला म्हणं?”

“गेला न्हाय,” मी म्हणाले.

“मग तिकडं काय करतोय? पाव्हणीच्या पायाशी?”

“तिला येऊन चार दिवस झालेत. जाईल ती.”

“ती जाईल गं. पर ह्यो बी तिच्यामागं एसटीत बसंल, बघ. तिकीट काढावं लागंल तुझ्या दादाला!”

बायका हसल्या. दादांनीही मापातले दूध ओतताना हसू दाबले. मी घरात निघून गेले आणि कडब्याच्या गंजीआड उन्हात बसून राहिले. देवाचा मला शोधत आला नाही. पूर्वी तो आला असता.

त्यानंतर आठवड्याभरात मामांचा ट्रक आला. छावणीसाठी चारा म्हणून उसाचे वाढे उतरवायचे होते. मामा खाली उतरले ते डिझेलचा आणि लांबच्या रस्त्यांचा वास घेऊन. त्यांनी लेकीसाठी हैदराबादेहून काहीतरी आणले होते. तिथल्या एका बेकरीचा माल ते वाहत असत, आणि बेकरीवाल्याने खुशीने दिलेली ती वस्तू होती: मेणकागदात गुंडाळलेली, विटेच्या तुकड्यासारखी जाड, काळी वडी. केकमध्ये घालायचे चॉकलेट.

चॉकलेट हा शब्द आम्हाला ठाऊक होता. शाळेजवळच्या दुकानातल्या बरणीतल्या रंगीत गोळ्यांनाही आम्ही चॉकलेटच म्हणत असू. पण ते हे नव्हते. कागद उघडताच जो वास सुटला त्याला माझ्याजवळ शब्दच नव्हता. भाजलेल्या कारळांचा खरपूसपणा त्यात होता, गुऱ्हाळातल्या कढईच्या तळाला करपलेल्या पाकाचा धूर होता, आणि शिवाय ओल्या मातीखालचे असे काहीतरी गार, जे त्या उन्हाळ्यात आम्ही सगळे विसरलो होतो. दादांनी मला कधी काय आणले होते? बाजाराच्या दिवशी पाटी-पेन्सिल, आणि रोज अंगाला येणारा आंबूस दुधाचा वास.

“थांब, पहिला घास,” आई म्हणाली. मी रीतीप्रमाणे हात पुढे केला. पण वडी तिची होती. तिने नखाएवढा कपचा मोडला आणि स्वतःच देवाच्यापुढे तळहात धरला.

त्याने तो कपचा घेतला. मग तिचा तळहात चाटला. मग बोटांच्या बेचक्या, मनगट, पुन्हा तळहात. ती गुदगुल्यांनी खिदळत होती आणि तो थांबत नव्हता. त्याची जीभ कधी माझ्या हातावर इतका वेळ रेंगाळल्याचे मला आठवेना.

मग तिने आम्हा प्रत्येकाला तुकडा दिला. मला सगळ्यांत मोठा. तो कडू होता; जिभेवर वितळला तरी गोड होईना. मामा मोठ्याने हसले. “अरे, हे असंच खात न्हाईत! यात साखर-लोणी घालून केक करतात.” आईने पदराने तोंड पुसले. आतेबहिणीने मात्र ती कडू वडी पुन्हा जपून कागदात गुंडाळली आणि आपल्या पेटीत, रिबिनींखाली ठेवली. ती खाण्यासाठी नव्हतीच. रोज दुपारी ती पेटी उघडून कागदावरून वास घेई, आणि मग थोडा वेळ कुणाशी बोलत नसे. तिला आईची आठवण येत असणार, हे आज मला कळते. तेव्हा मला एवढेच दिसे की तिच्याजवळ एक पेटी आहे, पेटीत वास आहे, आणि पेटीबाहेर माझा कुत्रा आहे.

मी हिशेब मांडला. मत्सरी माणसाचे तर्क फार चोख असतात. देवाचा तिच्याकडे ओढला गेला तो तिच्या हातच्या वस्तूंनी. कपचा खाऊन त्याला काहीही झाले नव्हते, उलट तो वेडावला होता. नखाएवढ्या तुकड्यासाठी तो तिचा तळहात एवढा चाटतो, तर उरलेल्या वडीसाठी काय करील?

एका दुपारी आई तिला घेऊन छावणीवर गेली. दादा सोसायटीत झोपले होते. मी पेटी उघडली. रिबिनींखालचा तो कागद उचलला. कडब्याच्या गंजीआड जाऊन मी हळूच हाक मारली, “देवाच्या!” तो आला. मी वडी दगडाने फोडली आणि एकेक तुकडा त्याला भरवला. तळहाताएवढी वडी होती, सगळी. तो अधाशासारखा खात होता, आणि मी त्याच्या कानात पुन्हा पुन्हा सांगत होते, “कुणाचा तू? माझा ना? माझा ना?”

त्याने माझा तळहात चाटला. बेचक्या चाटल्या. मनगट चाटले. मग माझ्या पावलांवर हनुवटी टेकून तो पडला, आणि ओळखीचे ते वजन परत आले. त्या उन्हाळ्यातला माझा सगळ्यांत सुखाचा तास तो. मी कागद गंजीत खोल खुपसून ठेवला.

ऊन कलू लागले तसा तो उठला. बसला, पुन्हा उठला. अंगणात गोल फिरू लागला. मडक्याखालच्या परळात गळलेले पाणी त्याने एका दमात संपवले, मग गुरांच्या टाकीशी जाऊन तोंड घातले. आई म्हणाली, “आज ह्याला काय तहान लागली गं एवढी? पाण्याचं मोल हाय का न्हाय?” दिवेलागणीला तो ओकला. ओकारी काळपट-तांबडी होती. आई घाबरली. “रगत पडतंय,” ती म्हणाली. ते रक्त नव्हते. मला वास आला होता. अंगणात उभ्या असलेल्या माणसांपैकी मला एकटीलाच तो वास ओळखता आला, किंवा कदाचित आणखी एका मुलीलाही आला असता, पण ती तेव्हा भाकरी थापायला शिकत चुलीशी बसली होती. मी ओकारीवर राख टाकली. दादांनी त्याला दावणीला बांधले आणि सकाळी बघू म्हणाले.

सकाळी, दूध घालायला आलेल्या माणसांसमोर, त्याला झटका आला.

त्याआधी तो नुसता कापत होता. उभ्या उभ्या सगळे अंग एका तारेसारखे कापत होते, आणि बरगड्यांखाली काळीज इतक्या वेगाने उडत होते की केसांतून ते दिसत होते. मग पाय ताठ झाले, तो आडवा पडला, तोंडातून फेस आला आणि दात करकरू लागले. एका माणसाच्या हातातली दुधाची किटली खाली पडली.

“पिसाळला!” कुणीतरी ओरडले.

“पर पाणी पीत व्हता की काल. पिसाळलेला पाणी पीत न्हाय.”

“प्याला आन् ओकला न्हवं? उतरलंच न्हाय ते पोटात. सचिव, छावणीत तीनशे जनावर हाय. एकाला चावला तर दूध कोण घेईल आपल्या गावचं?”

शेजारचे काका घरात जाऊन मुसळ घेऊन आले. आणखी दोघांनी काठ्या उचलल्या. ते क्रूर नव्हते. त्यांच्या उरलेल्या साऱ्या संसाराची दावी त्या माळावर बांधलेली होती. दादा कुत्र्याच्या आणि त्यांच्या मध्ये उभे राहिले. पण त्यांचा चेहरा मी ओळखत होते, तो नकाराचा चेहरा नव्हता.

“दमा जरा,” ते म्हणाले. “छावणीवर डॉक्टर यायची येळ झालीय. त्यांनी पिसाळला म्हणून सांगितलं, तर तुम्ही हात लावायचा न्हाय. मीच करीन. मी आणलाय त्याला.”

गुरांचे डॉक्टर रोज आठच्या सुमारास मोटारसायकलवरून छावणीत येत. कोल्हापूरकडचे, तरुण, सदऱ्याच्या खिशाला थर्मामीटर लावलेले. ते आले, दुरूनच पाहत उभे राहिले.

“कुणाला चावलाय?”

“न्हाय.”

“चार-सहा महिन्यांत दुसरा कुत्रा चावला होता याला?”

“तसं काय ठावं न्हाय, साहेब. पाणी पितोय पर.”

“पाणी पितो म्हणून पिसाळलेला नाही असं नसतं, दादा. कुत्र्याचं वेगळं असतं.” मग त्यांनी विचारले, “काल काय खाल्लं? उंदरांचं औषध वगैरे?”

“भाकर,” आई म्हणाली. “आमी खाल्ली तीच. त्याला पहिला घास देऊनच आमी जेवतो, साहेब. त्याच्या खाण्यात काय वंगाळ असायचं न्हाय.”

मुसळ घेतलेले काका एक पाऊल पुढे सरकले.

मला ठाऊक होते. त्या गर्दीत मला एकटीला ठाऊक होते. आणि तरीही मी गप्प होते. चोर म्हणून पकडली जाण्याची भीती होतीच. पण तिच्याही खाली, फार खाली, एक गार विचार होता, जो लिहायला मला आजवर धीर झाला नाही: तो मेला तर तिचाही राहणार नाही. उमरग्याला जाताना ती मागे वळून पाहील तेव्हा अंगणात तो नसेल, आणि आम्ही दोघी सारख्या होऊ.

एवढ्यात ती धावली. माझी आतेबहीण. वेण्या सुटलेल्या, पायात काही नाही, ती थेट त्याच्याजवळ जाऊन बसली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून दादांकडे पाहत ओरडली, “नका मारू त्याला, मामा! नका ना!” दादांनी तिला दंडाला धरून मागे ओढले. बायकांच्या तोंडून हाय निघाली. “पोरीचा जीव बघा,” काकू म्हणाली. “हिचा आन् कुत्र्याचा मागच्या जन्माचा लागाबांधा दिसतोय.”

मागच्या जन्माचा! चार वर्षे मी घास भरवला, आणि लागाबांधा हिचा?

मी खरे तेच लिहिते. मी दयेने बोलले नाही. तो वाचला असता तर तिच्या धावण्याने वाचला असता, आणि मेला असता तर शोक तिचा झाला असता. दोन्हीकडून तो तिचाच होणार होता. ते मला सोसवले नाही.

“म्या खाऊ घातलं,” मी म्हणाले. “तिचं चॉकलेट. पेटीतलं चोरलं. सगळं खाऊ घातलं त्याला.”



“चॉकलेट?” डॉक्टर वळले. “कसलं? बरणीतल्या गोळ्या?”

“न्हाय. काळं. कडू. एवढं.” मी तळहात दाखवला. मग धावत जाऊन गंजीतून कागद काढून आणला. त्यांनी तो नाकाशी नेला, त्यावरची अक्षरे वाचली, आणि राख सारून ओकारीकडे पाहिले. “कोको,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “कोकोच्या टरफलांनी घोडे दगावतात, असं कॉलेजात शिकवलं होतं. कुत्र्याचं मी अजून पाहिलं नव्हतं.”

“पर साहेब, पहिला घास आमीच दिला व्हता की,” आई काकुळतीने म्हणाली. “वडी आली त्याच दिवशी. तवा तर काय झालं न्हाय!”

“तो नखाएवढा होता, ताई. हा तळहाताएवढा आहे. आपल्याला जे पचतं ते याच्या रक्तात तासन् तास तसंच फिरत राहतं. काळीज पळत सुटतं, मग झटके येतात.” ते बॅग उघडू लागले. “कोळसा कुटा. बारीक, वस्त्रगाळ. चुलीतली राख नको, कोळसा. आणि ही काठी-मुसळं आधी बाजूला ठेवा.”

“म्हंजे पिसाळलेला न्हाय?” काकांनी विचारले.

“नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. दहा दिवस बंद खोलीत बांधा. पिसाळलेला असेल तर दहा दिवस काढणार नाही. मुलगी म्हणते ते खरं असेल, आणि आजचा दिवस काढला, तर वाचेल.”

त्यांनी झटके थांबवायची सुई टोचली. गुरांच्या औषधातून अंदाजाने मोजून घेतलेली. गुंगी उतरून त्याला गिळता येऊ लागले तेव्हा दादांनी त्याचा जबडा धरला आणि डॉक्टरांनी कोळशाचे पाणी थोडे थोडे पाजले. मग त्याला सोसायटीच्या मागच्या खोलीत, रिकाम्या कॅनशेजारी ठेवले. खिडकीला पोती लावली. उजेड नको, आवाज नको, कुणी जवळ जायचे नाही. दादा तेवढे पाणी द्यायला आत जात.

आईने मला मारले नाही. तिने मला भाकरी वाढली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “माझ्या घरात कुलूप न्हवतं आजवर.” त्यापेक्षा मार सोपा होता.

आतेबहीण तो सारा दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्या खोलीच्या दाराबाहेर, पत्र्याला कान लावून आम्ही दोघी बसलो असताना तिने रडवेल्या आवाजात विचारले, “अक्का, मागितली का नाहीस गं? मागितली असतीस तर दिली असती की.”

ती देणार होती, हे मला कळत होते. म्हणूनच मी मागितली नव्हती. तिच्याकडून मिळालेल्या वस्तूने मिळवलेला कुत्रा मला नको होता. पण हे मी तिला कसे सांगणार? मी म्हणाले, “कडू व्हती. तुला तरी कशाला पायजे व्हती?” आणि ती रडू लागली.

पुढे आयुष्यात मी अशी घरे पाहिली, जिथे कुत्री गाद्यांवर झोपतात आणि केकचे ताट बुटक्या टेबलावर असते. माझ्या भाचीच्या घरी मी पाहुणी म्हणून जाते तेव्हाही चॉकलेटचा डबा मुकाट्याने उचलून वरच्या फळीवर ठेवते. लोकांना वाटते, बाईला विक्षिप्त सवय आहे. मी त्यांना सांगते, आणि ते हसले तरी पुन्हा सांगते: जितके काळे आणि कडू, तितके वाईट, जितके जनावर लहान, तितका थोडा तुकडा पुरे, मांजरालाही नको. खाल्ल्याचे दिसले तर कुत्रा थरथरू लागेपर्यंत थांबू नका, कागद हातात घ्या आणि त्याच पावली डॉक्टरांकडे न्या, किती खाल्ले ते लपवू नका. कुत्रा गोड मानून घेतो म्हणून ते त्याला मानवते असे नाही. आम्ही तर त्याच्या खाण्यालाच देवाचा कौल समजत होतो. त्या दहा दिवसांत दादांनी रीत मोडली नाही, पण आखडती घेतली. “पहिला घास भाकरीचा,” ते आईला म्हणाले. “दुसरं काय बी न्हाय. देवाला भाकर चालते.”

पहिल्या दिवशी आतून दातांचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी तो थांबला, आणि त्या शांततेने आम्ही जास्त घाबरलो. तिसऱ्या दिवशी दादा म्हणाले की त्याने शेपटी हलवली. मी विचारले, “कुणाचं नाव घेतल्यावर?” “कुणाचंच न्हाय. मी पाणी ठिवलं तवा,” ते म्हणाले. मला दादांचाही हेवा वाटला.

दहाव्या दिवशी सकाळी, दूध मापून झाल्यावर, डॉक्टर आले. काका होते, काकू होती, मुसळ नव्हते. दादांनी खिडकीची पोती काढली, आत गेले आणि त्याला दोरीने बाहेर घेऊन आले. तो खूप वाळला होता. काळ्या केसांची निळी झाक गेली होती, चालताना मागचे पाय एकमेकांना अडखळत होते. उजेडात त्याने डोळे बारीक केले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पापणी वर केली आणि म्हणाले, “सोडा.”

आम्ही दोघी दोन हातांच्या अंतरावर उभ्या होतो. मी तळहात उघडला नव्हता. तिनेही नाही. दादांनी दोरी सोडली.

तो तिच्याकडे गेला. मधे थबकला नाही, माझ्याकडे मान वळवली नाही. अडखळत सरळ तिच्याकडे गेला, आणि ती खाली बसली तेव्हा त्याने तिच्या गळ्यात तोंड खुपसले.

चार वर्षांचे घास, कडब्याआडची ती दुपार, भर अंगणात सगळ्यांसमोर दिलेला कबुलीजबाब, कशाचाच उपयोग झाला नव्हता. मी उभी राहून त्याच्या बरगड्या मोजत राहिले. त्या हलत होत्या. आत जात होत्या, बाहेर येत होत्या, सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारख्या. मला तिचा भयंकर हेवा वाटत होता, आणि मी मोजणे थांबवू शकत नव्हते.

“अक्का,” ती म्हणाली, “ये की. हात लाव त्याला.”

मी लगेच गेले नाही. काकू म्हणाली, “जा गं, का रुसलीस?” तरी गेले नाही. बायका घागरी उचलून पांगल्या, डॉक्टरांची मोटारसायकल छावणीकडे वळली, अंगणात ऊन चढले. मग मी गेले आणि तिच्यासमोर, त्याच्या दुसऱ्या, मोकळ्या बाजूला बसले.